पुढे उतार आहे

बाबांनी लिहिलेला कागद लेकीने सुधारला, आणि सगळं बिघडलं ते तिथेच.

कागद होता वाटेचा. नदीकाठच्या जुन्या जकातघरात लेकीने आणि जावयाने सायकलवाल्यांसाठी तीन खोल्या काढल्या होत्या. एके काळी इथे नावा अडवून मालावर जकात घेत असत. आता नावा नव्हत्या, माल नव्हता, आणि दोन वर्षांत आलेले पाहुणेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. खरं म्हणजे खडीच्या वाटांवर जाड टायरची सायकल हाणणाऱ्यांना याहून चांगला मुलूख शोधून सापडला नसता. दोन्ही काठांनी जुन्या मालवाटा, टेहळणीचे बुरूज, अजून फिरणारी पाणचक्की, मधली कमान ढासळलेला दगडी पूल. पण हे ठाऊक होतं ते फक्त नदीकाठच्या लोकांना, आणि ते लोक सायकल काढायचे ती डॉक्टरकडे जायला.

हा हंगाम शेवटचा, असं लेकीने ठरवून टाकलं होतं. नाही जमलं तर शहरातली जुनी नोकरी आणि चौथ्या मजल्यावरची जागा. बाबांनाही तिथेच न्यायचं, कारण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एकटं कसं सोडणार? बाबांनी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं या नदीचं पाणी मोजलं होतं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी रोज पाच किलोमीटर चालत मोडक्या पुलापर्यंत जायचे, खांबावरच्या खुणेवर पाणी किती ते बघायचे आणि वहीत लिहायचे. ती वही कोणी मागत नव्हतं. असा माणूस चौथ्या मजल्यावर काय करेल, हा प्रश्न लेक मनातल्या मनातसुद्धा पुरता विचारत नसे.

अशात वहीवाल्या बाईंचा निरोप आला. या बाई वही घेऊन हिंडत आणि दर वर्षी सायकलच्या वाटांचं पुस्तक काढत. त्यांच्या पुस्तकात ज्या मुक्कामाचं नाव येई, तिथे पुढच्या हंगामात खोली मिळायची नाही. पाच जणांना घेऊन त्या येणार होत्या: एक दातांचे डॉक्टर, निवृत्त शिक्षिका असलेल्या दोघी बहिणी, आणि एक नवं जोडपं.

"बाबा, चक्कीपर्यंतची वाट लिहून द्याल?" लेकीने विचारलं. "मी स्वतः जाऊन बघितली असती, पण खोल्यांचा रंग अजून ओला आहे."

"तू काय बघणार? मी एकतीस वर्षं चालतोय," बाबा म्हणाले, आणि खात्यात जसं लिहीत तसं लिहून मोकळे झाले.

कागदावर एवढंच होतं: 'जकातघरापासून डावा काठ. चार कि.मी. खडी. दोन दगडी खांब. तिथून उतार. सरळ. मध्ये थांबू नये. पाणी दोन, फार तर अडीच. पलीकडे उजवा काठ. चक्की.'

लेकीने वाचलं आणि कपाळाला हात लावला. पाहुण्यांना हा असला हुकूम हातात द्यायचा? तिने बसून तो कागद माणसात आणला. छापून झाल्यावर तो असा झाला: 'दोन दगडी खांबांपासून छान सरळ उतार लागतो. कृपया मध्ये थांबू नये, वेगाचा आनंद घ्यावा. प्रत्येकी पाण्याच्या दोन, फार तर अडीच बाटल्या जवळ असाव्यात. उतार संपल्यावर पलीकडे उजवीकडे वळून काठाकाठाने पाणचक्कीपर्यंत यावे. तिथे गरम जेवण आपली वाट पाहत आहे.'

तिने तो बाबांना दाखवलाही. चष्मा कुठे ठेवला ते बाबांना आठवत नव्हतं. कागद हातभर लांब धरून ते म्हणाले, "सुरेख छापलंय."

सकाळी सहा जण निघाले. डॉक्टर नियमाचे पक्के. त्यांनी दोन बाटल्या भरल्या आणि तिसरी उजेडाकडे धरून बरोबर निम्मी भरली. जावईबापूंनी जेवणाचे डबे गाडीत घातले, लेक शेजारी बसली, आणि दोघं खालच्या नव्या पुलावरून फेरा मारून चक्कीवर जाऊन थांबली.

दोन दगडी खांब आले. त्यांच्यामधून वाट खरोखरच खाली उतरत होती, आणि पुढे पुरुषभर उंचीच्या लव्हाळ्यांत वळून दिसेनाशी होत होती. वहीवाल्या बाई सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांनी वेगाचा आनंद घेतला. लव्हाळी संपली तिथे वाटही संपायला हवी होती, पण वाट तशीच सरळ नदीत शिरली आणि तिच्यामागोमाग बाई. मागून डॉक्टर, मागून दोघी बहिणी. नव्या जोडप्याने ब्रेक दाबले, पण खडीवर ब्रेक दाबून काय होतं ते त्यांना त्या दिवशी कळलं.

पाणी गुडघ्याएवढंच होतं. पण गुडघाभर पाण्यात माणूस बसला की ते छातीपर्यंत येतं, आणि सहाच्या सहा जण बसले होते. कोणाला खरचटलं नाही, कोणाचं काही मोडलं नाही, ही त्या नदीची कृपाच म्हणायची.

"ब्रेक का नाही मारलात तुम्ही?" मोठ्या बहिणीने डॉक्टरांना विचारलं.

"मध्ये थांबू नये असं लिहिलंय," डॉक्टर पाण्यात बसूनच म्हणाले.

"आणि अडीच बाटल्या कशाला आणायला लावल्या? इथे एवढं असताना?" धाकटी म्हणाली.

वहीवाल्या बाई उठल्या, सायकल उचलली आणि पलीकडच्या काठाकडे चालू लागल्या, म्हणून बाकीचेही निघाले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी खिशातला ओला कागद उलगडला. बाकीचा मजकूर पुसट झाला होता, पण 'उजवीकडे वळून' हे शब्द ठसठशीत उरले होते. सगळे उजवीकडे वळले. चक्की होती डावीकडे.

चक्कीवर बारा वाजले, साडेबारा वाजले. लेकीने बाईंना फोन लावला, डॉक्टरांना लावला, दोघी बहिणींना लावला. सगळे फोन क्षेत्राच्या बाहेर.

"सहाच्या सहा?" जावईबापू म्हणाले. "एखादा तरी लागायला हवा."

"तू गप्प बस. मला आधीच भीती वाटतेय."

जावईबापू गप्प बसून कागद वाचू लागले. फार वेळ गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "अगं, पण हा उतार आहे कुठे? काठाची जमीन तर ताटासारखी सपाट आहे."

लेकीने त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला. तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, दोन खांबांच्या पुढे उतार आहे ना?"

"आहे की."

"केवढा?"

"साठ पावलं. पाणी कमी असलं तर पन्नास."

"उताराला पाणी कशाला?"

"पोरी, उतार पाण्यालाच असतो. नदी पायी ओलांडता येते ती जागा म्हणजे उतार. तू काय समजलीस?"

"घसरण. म्हणजे, खाली जाणारा रस्ता. आणि मग पाणी दोन म्हणजे?"

"दोन फूट. दुसरं काय असणार?"

"बाटल्या," लेक म्हणाली. "बाबा, आणि उजवा काठ?"

"पाणी वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं. उजव्या हाताला येतो तो उजवा काठ. सगळं खातं असंच लिहितं."

"मी उजवीकडे वळा असं लिहिलंय."

"मग ती माणसं खाली चक्कीकडे न येता वर गेली असणार, मोडक्या पुलाकडे."

"तुम्ही कुठे आहात?"

"मोडक्या पुलावर," बाबा म्हणाले. "थांब जरा. आली."

"कितीजण आहेत?"

"सहा. आणि सहाही ओली. आज पाणी एक फूट अकरा भरलं. म्हटलं, इंचभर कमी कसं? ते ह्यांच्या अंगावर आहे."

लेकीच्या जिवात जीव आला. सहाजण जिवंत आहेत, चालत आहेत, यापुढे पुस्तक गेलं तर गेलं, असं तिला पाच सेकंद वाटलं. सहाव्या सेकंदाला पुस्तक आठवलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. फोन बंद करायला ती विसरली. बाबांना तर फोन बंद करायचा असतो हेच अजून पटलेलं नव्हतं. त्यांनी तो तसाच सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि पुढचं सगळं लेकीने खिशातून ऐकलं.

मोडक्या पुलाची मधली कमान गेलेली. अलीकडच्या तुकड्यावर बाबा, पलीकडच्या तुकड्यावर सहा जण, आणि मध्ये एखादी खोली मावेल एवढी मोकळी जागा. दिसत एकमेकांना स्वच्छ होतं, बोलताही येत होतं, फक्त कोणालाच कोणाकडे जाता येत नव्हतं.

"तुम्हीच का ते वडील?" वहीवाल्या बाईंनी पलीकडून विचारलं.

"मीच."

"नमस्कार. आम्ही तुमच्या उतारावरून आलो."

"ते दिसतंय," बाबा म्हणाले.

बाईंनी सायकलच्या पुढच्या पिशवीतून वही काढली. जे घडलं ते ताबडतोब टिपून ठेवायची त्यांची सवय होती, आणि आज टिपायला पुष्कळ होतं. पण वही उघडली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्या शाईच्या पेनाने लिहीत. इथे येण्याआधी तीन आठवडे एकटीने या नदीच्या दोन्ही काठांनी हिंडून लिहिलेली पन्नास पानं एकसारखी निळी झाली होती. बाई पुलाच्या दगडावर खाली बसल्या.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"सगळ्या वाटा पुसल्या. मंगळवारी छापखान्यात द्यायच्या होत्या." बाईंनी नाक ओढलं. "आता या वर्षीचं पुस्तक या नदीशिवाय निघेल."

चक्कीवर फोनला कान लावून बसलेल्या लेकीने डोळे मिटून घेतले. म्हणजे आपली एक ओळ गेली ती गेलीच, पण अख्खी नदीच पुस्तकातून वाहून गेली. एका माणसाने एका कागदावर एवढं नुकसान करणं हाही एक विक्रमच होता.

मग बाबांचा आवाज आला. "चूक माझी आहे. मी खात्याच्या भाषेत लिहिलं. पोरगी लहानपणापासून आईबरोबर शहरात शिकली, तिला नदीची भाषा मी कधी शिकवलीच नाही. मी पहाटे घर सोडायचो, ती सुट्टीत आली तरी झोपलेली असायची. तिने सगळं सोडून माझ्यासाठी इथे घर मांडलं, आणि मी तिला एक धड कागद लिहून देऊ शकलो नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

लेकीने हे बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिला खूप काही बोलावंसं वाटलं, पण खिशात बोलायचं कसं?

"कुठे आहे तुमची मुलगी?" बाईंनी विचारलं.

"चक्कीवर. जेवण गरम करत असेल. आणि रडत असेल."

"मी रडत नाहीये," बाबांचा खिसा रडत रडत म्हणाला.

पलीकडचे सहाजण दचकले. मग धाकटी बहीण हसली, तिच्या पाठोपाठ नवं जोडपं हसलं, आणि डॉक्टर म्हणाले, "त्यांना सांगा, कागद तसा स्वच्छ लिहिला होता. माझ्या अडीच बाटल्या अजून शाबूत आहेत."

बाबा मात्र वहीकडे बघत होते. "काय काय होतं त्यात?"

"या काठाने बुरुजापर्यंतची वाट, त्या काठाने जुन्या धक्क्यापर्यंतची. कुठे खडी, कुठे माती, कुठे सायकल उचलावी लागते."

"एवढंच?" बाबा म्हणाले, आणि उभ्या उभ्या सुरू झाले. धक्क्यापासून दीड किलोमीटर बारीक खडी, पुढे दगडी फरशी, ती पावसाळ्यात निसरडी, मग दोन ओहोळ, पहिला कोरडा, दुसऱ्याला बारा महिने पाणी. बाई ऐकत राहिल्या. त्यांना तीन आठवडे लागले ते हा माणूस पुलाच्या एका टोकावरून श्वास न घेता सांगत होता, आणि त्यांनी न पाहिलेल्या चार वाटा वर देत होता.

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. "लिहायला कागद नाही माझ्याकडे."

"मग आधी जेवून घ्या. आलात तसे उतारावर परत चला. मी या काठाने येतो आणि तुम्हाला नीट दाखवतो."

उतारावर पोचल्यावर बाबांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, नदी ओलांडून पलीकडे गेले आणि सगळ्यांना पाण्यात उभं केलं. आता कोणाला ओलं होण्याची भीती नव्हती. "बूट काढा," ते म्हणाले, "आणि पायाने चाचपा."

डॉक्टरांनी चाचपलं. तळाच्या खडकात दोन लांब खोबणी होत्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, या काठापासून त्या काठापर्यंत.

"गाड्यांची चाकं," बाबा म्हणाले. "पूल बांधला त्याच्या आधी शेकडो वर्षं इथूनच जायचे सगळे. व्यापारी, फौजा, वऱ्हाडं. दगड झिजला. मध्ये थांबायचं नाही, कारण थांबलं की चाकाखालची खडी सरकते. म्हणून तसं लिहिलं होतं."

सगळे बराच वेळ त्या खोबणीत पाय ठेवून उभे राहिले. पाणी थंडगार होतं आणि कोणालाही बाहेर पडायची घाई नव्हती.

चक्कीवर पोचेपर्यंत तीन वाजले होते. लेक दारातच उभी होती. माफी कशी मागायची याची तिने तासभर तयारी केली होती, पण बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आधी कोरडं काहीतरी द्या हो." चक्कीवाल्या काकूंनी घरातलं होतं नव्हतं ते कपाट रिकामं केलं. काका अंगाने बारीक, त्यामुळे त्यांचे कपडे नव्या नवऱ्याला झाले आणि डॉक्टरांच्या वाट्याला काकूंचा फुलाफुलांचा गाऊन आला. गाऊनच्या बाह्या सावरत डॉक्टर दोनदा वाढून घेऊन जेवले आणि काकूंचे सात वेळा आभार मानले. काकू शेवटी संकोचून म्हणाल्या, "अहो, ठेवून घ्या तो."

सायकलींच्या चाकांत पाणी गेलं होतं. जावईबापूंनी बाराही चाकं उघडली, एकेक छर्रा पुसून ग्रीस भरलं. त्याला दोन दिवस लागले, म्हणून पाहुणे दोन दिवस जास्त राहिले. त्या दोन दिवसांत जकातघराच्या स्वयंपाकघरात नदी नव्याने लिहिली गेली. बाबा सांगायचे, वहीवाल्या बाई लिहायच्या, आणि शेजारी लेक बसायची. आता ती प्रत्येक शब्दाला अडवत होती.

"वर म्हणजे कुठे, बाबा? चढावर की नदीच्या वरच्या अंगाला?"

"नदीच्या. आणि 'गाळ' म्हणालो की लगेच चहाचा समजू नकोस."

"आता इतकीही ढ नाहीये मी."

"नाहीस," बाबा म्हणाले. "पण विचारत जा. बरं वाटतं मला."

मंगळवारी बाई निघाल्या. सगळ्यांचे हात हातात घेतले, जावईबापूंना चाकांबद्दल शाबासकी दिली, बाबांना वाकून नमस्कार केला. पुस्तकात मुक्कामाचं नाव येणार की नाही, याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. लेकीची विचारायची छाती झाली नाही. जिने सहा पाहुण्यांना नदीत घातलं, तिने कोणत्या तोंडाने विचारायचं? त्या संध्याकाळी तिने शहरातल्या साहेबांना पत्र लिहिलं आणि पाकीट कपाटावर ठेवलं. पुस्तक येईपर्यंत टाकायचं नाही, एवढंच तिने स्वतःला बजावलं.

पुस्तक दोन महिन्यांनी आलं. लेकीने पुडकं फोडलं आणि पान काढून उभ्यानेच वाचलं. नदीला चौदा पानं होती. बारीक खडी, फरशी, दोन ओहोळ, उतार आणि त्यातल्या खोबणी, सगळं बाबांच्याच शब्दांत. शेवटच्या पानाच्या तळाशी चार ओळी होत्या:

'मुक्काम: जकातघर. तीन खोल्या, अंथरूण कोरडं, माणसं मायेची. इतकं जपणारं घर आम्हाला वाटेत दुसरं भेटलं नाही. मालकीणबाई वाटेचा छापील कागद देतात. तो आभार मानून घ्यावा आणि खिशात ठेवावा. वाट वडिलांना विचारावी.'

लेक हसायला लागली. हसता हसता खुर्चीवर बसली आणि तोंडावर हात ठेवून बसूनच राहिली. जावईबापूंनी तिच्या हातातून पुस्तक घेतलं, वाचलं, आणि कपाटावरचं पाकीट काढून चुलीत घातलं. संध्याकाळपर्यंत तिन्ही खोल्या महिनाभरासाठी भरल्या होत्या, आणि फोन करणारा प्रत्येक जण एकच विचारत होता, वडील आहेत ना?

बाबा पुलावरून परतले तेव्हा तिने पुस्तक त्यांच्या हातात दिलं. या खेपेला त्यांनी चष्मा शोधून लावला. चौदाही पानं बोट ठेवून वाचली. तळाच्या चार ओळी दोनदा वाचल्या.

"चूक नाही कुठे," ते म्हणाले.

"बाबा, आता तुम्हाला इथून हलता येणार नाही. लोक तुमच्यासाठी येतायत."

"असं म्हणतेस?"

"मी आभारच मानायला हवेत तुमचे. तुम्ही नसता तर..."

"राहू दे, राहू दे," बाबा म्हणाले आणि आत गेले.

बराच वेळ ते बाहेर आले नाहीत, म्हणून लेक बघायला गेली. बाबांनी खाटेखालून लोखंडी ट्रंक ओढून काढली होती. तिच्यात त्यांचे सगळे कपडे घड्या घालून भरलेले होते, एका कडेला पाण्याच्या वह्या, आणि सगळ्यांत वर बाहेर जायचे बूट कागदात गुंडाळून. त्यांनी हे कधी भरून ठेवलं होतं ते तिने विचारलं नाही. चौथ्या मजल्याबद्दल ती त्यांच्याशी अवाक्षरही बोलली नव्हती. बाबा एकेक सदरा काढून परत खुंटीला लावत होते.

तिला दारात पाहून ते जरा ओशाळले. मग रिकामी ट्रंक त्यांनी तिच्याकडे सरकवली.

"ही घेऊन जा बाहेर," ते म्हणाले. "पाहुण्यांचे ओले कपडे ठेवायला होईल."